देवघरातला लाल झिरो

परवा दिवाळीला सेलूला गेलो होतो. माळा आवरताना पत्र्याचा एक चौकोनी बिस्किटांचा डबा हाती लागला आणि आवराआवर तिथेच थांबली. (आवराआवरीचं नेहमी असंच होतं.) डब्यात तीन गोष्टी होत्या. बटर पेपरात ठेवलेल्या चार रोलच्या निगेटिव्ह, चावीचं गजराचं घड्याळ, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला लाल रंगाचा झिरो बल्ब.

नातेवाईक मंडळींना एव्हाना कळलंच असेल. बाकीच्यांसाठी सांगतो.

१९७८ च्या मे महिन्यात आमच्या धाकट्या आत्याचं लग्न झालं. काका तेव्हा पंचविशीतले आणि फोटोग्राफीच्या नादानं पुरते झपाटलेले. स्टुडिओवाल्याला कशाला पैसे घालायचे, फोटो मीच काढतो, असं त्यांनी आजोबांना सांगितलं. मित्राची यॅशिका मागून आणली. १२० चे चार रोल, एकेका रोलवर बारा, म्हणजे मोजून अठ्ठेचाळीस फोटो. डार्करूम म्हणजे आमचं न्हाणीघर. खिडकीला गोधडी ठोकायची, दाराच्या फटीत पोतं कोंबायचं आणि रात्री सगळे निजले की काम सुरू करायचं. एन्लार्जर कुणीतरी वापरून टाकलेला, नांदेडहून मीटरगेजच्या गाडीनं आणलेला. आणि लाल दिवा हवा म्हणून देवघरातला झिरो बल्ब काढून नेलेला. त्या रात्री देव अंधारात राहिले, हे आजीनं शेवटपर्यंत ऐकवलं.

फोटो आले ते सगळे मळके. मुंडावळ्यांचे मोती मळके, अक्षता मळक्या, आजोबांचा पांढराशुभ्र पटका चुलीतल्या राखेसारखा. व्याह्यांकडच्या कुणीतरी भर पंगतीत विचारलं, "फोटो पावसाळ्यात काढले का हो?" तेव्हापासून आमच्या घरात कुठल्याही बिघडलेल्या कामाला "आत्याच्या लग्नाचे फोटो" म्हणतात. शिरा करपला, आत्याच्या लग्नाचे फोटो. माझा बारावीचा निकाल, आत्याच्या लग्नाचे फोटो.

त्याच वर्षी डिसेंबरात आजोबा गेले. त्यांचा दुसरा धड फोटो नव्हता. मग त्यातलाच एक राखाडी फोटो मढवून भिंतीवर लागला. आजही तोच आहे. काकांनी एन्लार्जर विकला आणि पुन्हा कॅमेरा हातात धरला नाही. कुणी विचारलंच तर "पेपर शिळा निघाला" एवढंच म्हणायचे. चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्यांचं हे एकच उत्तर.

आता मला स्वतःला डार्करूमची खाज सुटली आहे. पुण्यात एक जुना एन्लार्जर स्वस्तात मिळाला. रसायनं आणि कागद मिळतात, महाग का होईना. अडलं ते दोन क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींपाशी. दिवा कुठला लावायचा, आणि वेळ कशानं मोजायची? या प्रश्नाच्या मागे लागलो आणि वाचता वाचता पार शंभर-दीडशे वर्षं मागे गेलो.

डार्करूम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लाल उजेड येतो. सिनेमात तर हमखास. पण हा लाल रंग काही सुरुवातीपासून नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली त्या सुमारास, काचेवर ओलं कलोडियन लावून फोटो काढायची पद्धत जम बसवत होती. त्या काचेला निळा-जांभळा उजेड तेवढा दिसायचा. पिवळी काच लावलेल्या खोलीत माणूस आरामात काम करू शके. १८७१ साली रिचर्ड मॅडॉक्स नावाच्या इंग्रज डॉक्टरनं जिलेटिनच्या कोरड्या प्लेटची कृती प्रसिद्ध केली. पुढच्या काही वर्षांत सुधारत सुधारत या प्लेट इतक्या चपळ झाल्या की पिवळा उजेड त्यांना सोसेना. मग माणिकरंगी काचेचे कंदील आले. १८७३ साली बर्लिनच्या हेर्मान फोगेल यांना असं आढळलं की प्लेटमध्ये ठरावीक रंगद्रव्य मिसळलं तर तिला हिरवा-पिवळाही दिसू लागतो. म्हणजे दिव्याचं राज्य आणखी आक्रसलं. उरला फक्त गडद लाल.

पण लाल का होईना, उजेड होता. त्या उजेडात फोटोग्राफर प्लेट डेव्हलपरमध्ये बुडवायचा आणि नजरेनं बघायचा. चित्र उमटतंय, काळं होतंय, आता पुरे, काढा बाहेर. घड्याळ लागायचंच नाही. भाकरी झाली की नाही हे कुणी घड्याळात बघतं का? तसंच.

आपल्याकडचं याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे दादासाहेब फाळके. त्यांना आपण चित्रपटांचे जनक म्हणून ओळखतो, पण ते आधी फोटोग्राफर होते. बडोद्याच्या कलाभवनात शिकले, गोध्र्याला फोटो स्टुडिओ चालवला. १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले आणि दादरच्या घरातच फिल्म धुवायला लागले. कच्च्या फिल्मला कडेची भोकं पाडलेली नसायची. ती अंधारात बसून पाडायचं काम सरस्वतीबाईंनी शिकून घेतलं. रसायनं मिसळणं, फिल्म डेव्हलप करणं हेही त्या शिकल्या. दिवसभर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक, आणि रात्री हा दुसरा स्वयंपाक. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला तो असा घरच्या डार्करूममधून निघालेला. त्या काळची निगेटिव्ह तांबड्या रंगाला जवळपास आंधळीच होती, म्हणून हे जमण्यासारखं होतं. आपल्याकडे चित्रपटाच्या इतिहासात नटांची नावं येतात, कॅमेऱ्याचं नाव येतं. रात्री अंधारात बसून भोकं पाडणाऱ्या बाईला मात्र दोन ओळींत उरकतात. असो, तो वेगळा विषय.

नजरेनं बघून काम करण्याचे दिवस तेव्हाच भरत आले होते. १९०६ साली इंग्लंडात रॅटन अँड वेनराइट या कंपनीनं सगळे रंग दिसणाऱ्या, म्हणजे पॅनक्रोमॅटिक, प्लेट विकायला काढल्या. अशा प्लेटला लालही दिसतं. तिच्यापुढे माणकाचा कंदील काय आणि उघडी खिडकी काय, दोन्ही सारखंच. पुढे सगळी फिल्मच तशी झाली. डार्करूम पहिल्यांदाच खरोखरची डार्क झाली.

आणि दिसेनासं झालं तेव्हा घड्याळ आलं.

त्याची तयारी आधीच झालेली होती. हर्टर आणि ड्रिफील्ड या दोघांनी १८९० साली आपलं संशोधन छापलं. दोघंही पेशानं रासायनिक कारखान्यातले. त्यांनी दाखवून दिलं की डेव्हलपर, तापमान आणि वेळ ठरलेली असली की निगेटिव्हचा काळेपणा ठरलेला असतो, त्याला नजरेची गरज नाही. पट्टीच्या फोटोग्राफरांना ते काही रुचलं नाही. आमची कला काय घड्याळाला बांधायची? हा वाद बराच रंगला. मधला मार्ग काढला तो आल्फ्रेड वॉटकिन्स यांनी. चित्राची पहिली खूण दिसायला जेवढे सेकंद लागतील त्याला एका ठरावीक आकड्यानं गुणायचं, तेवढी एकूण वेळ. म्हणजे अर्धी नजर, अर्धं घड्याळ. (हेच वॉटकिन्स पुढे इंग्लंडातल्या प्राचीन स्थळांना जोडणाऱ्या सरळ रेषांच्या सिद्धांतामुळे जास्त गाजले. माणूस कशामुळे लक्षात राहील याचा नेम नाही.)

तर फिल्मच्या बाबतीत दिवा गेला आणि घड्याळ आलं. कागदाचं मात्र तसं झालं नाही. काळा-पांढरा फोटो छापायच्या साध्या कागदाला लाल दिसण्याची गरजच नाही. म्हणून प्रिंट करताना दिवा राहिला, आणि एन्लार्जरचे सेकंद मोजायला घड्याळही आलं. दोन्ही एकाच खोलीत. काकांचा घोळ नेमका इथे झाला, पण ते मला फार उशिरा उमगलं.

आधी घड्याळांची गंमत सांगतो. परदेशात डार्करूमसाठी खास टायमर मिळायचे. मोठी तबकडी, अंधारात चमकणारे काटे, वेळ संपली की बेल. अॅन्सेल अॅडम्ससारखा मोठा माणूस मेट्रोनोम लावायचा. तबलजी लेहऱ्याकडे कान देतो तसा तो ठोके मोजत डोळे कागदावर ठेवायचा. सेलूत यातलं काही असण्याचा प्रश्न नव्हता. काका फिल्म डेव्हलप करायचे संध्याकाळी, आजी देवापुढे रामरक्षा म्हणायला बसली की. टाकीत डेव्हलपर ओतला की रामरक्षा सुरू, रामरक्षा संपली की डेव्हलपर बाहेर! आजीची लय वर्षानुवर्षं ठरलेली, आठ मिनिटांत इकडचं तिकडं नाही. तिला बिचारीला आपण टायमर आहोत याचा पत्ता नव्हता.

पण हर्टर-ड्रिफील्ड म्हणतात त्याप्रमाणे वेळेच्या जोडीला तापमान असतं. पुस्तकातले आकडे २० अंशांचे. आमच्या परभणी जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४२ च्या आसपास, नळाचं पाणी तिशीच्या वर. दर अंशामागे वेळ साधारण दहा टक्क्यांनी कमी करावी लागते. आठ मिनिटांचं काम २८ अंशांना चार मिनिटांच्या आसपास येतं, आणि पाच मिनिटांच्या आत उरकलं की फिल्मवर डाग-पट्टे उमटायची भीती. त्यातून गरम पाण्यात जिलेटिन फुगून सुटायला लागतं. काकांचा उपाय म्हणजे माठातलं पाणी आणि वर बर्फाच्या कारखान्यातून आणलेला तुकडा. ते म्हणायचे, "हिवाळ्यात पुरी रामरक्षा, उन्हाळ्यात बर्फ नसला तर अर्धी." याहून सोपा तक्ता मी कुठल्याही पुस्तकात वाचलेला नाही.

म्हणून आत्याच्या लग्नाच्या निगेटिव्ह उत्तम आहेत. हे मला दिवाळीत कळलं. खिडकीशी धरून बघितल्या, सगळं जागच्या जागी. आजोबांच्या पटक्याची एकेक घडी दिसते. म्हणजे रोल चांगले, डेव्हलपिंग चांगलं. बिघडलं ते छापताना.

मग भिंतीवरचा आजोबांचा फोटो उतरवला, फ्रेममधून काढला. आणि एक गोष्ट दिसली जी फ्रेमच्या पट्टीखाली इतकी वर्षं झाकलेली होती. फोटोची कड. स्वच्छ पांढरी!

याचा अर्थ असा, की पेपर शिळा नव्हता. शिळा कागद सगळीकडे मळकट होतो, कडेलासुद्धा. कड पांढरी आणि पटका राखाडी, हे शिळ्या कागदानं होत नाही. मग कशानं?

इथे ते देवघरातलं लाल प्रकरण येतं. झिरो बल्ब नावाला झिरो, प्रत्यक्षात बारा-पंधरा वॅटचा असतो. काचेला लाल रंग फासलेला, तो किती गाळून घेईल याचा भरवसा नाही. मी तो डब्यातला बल्ब होल्डरला लावला (लागला! आजीच्या देवांची कृपा) आणि जुन्या सीडीच्या चकचकीत बाजूवर त्याचं प्रतिबिंब तिरपं धरून पाहिलं. घरच्या घरी उजेड तपासायची ही सोपी युक्ती आहे, सीडीवर रंगांचे पट्टे फाकतात. नुसता लाल पट्टा दिसला तर ठीक. मला लालच्या शेजारी पिवळा आणि पुसटसा हिरवाही दिसला. तुम्हीही कधी डार्करूमसाठी लाल एलईडी आणलात तर आधी सीडी दाखवा. आतला दिवाच लाल असेल तर छान. पांढऱ्या दिव्यावर लाल टोपण असेल तर परत करा.

पण काका काही अडाणी नव्हते. बल्ब तपासायची नाण्याची परीक्षा त्यांना माहीत होती. कोऱ्या कागदावर नाणं ठेवायचं, लाल दिव्याखाली पाच मिनिटं तसंच राहू द्यायचं, मग कागद डेव्हलप करायचा. नाण्याचा गोल उमटला तर दिवा वाईट. काकांनी ती केली होती आणि गोल उमटला नव्हता, हे घरात सगळ्यांना पाठ आहे. "बल्ब चांगलाच होता, पेपर शिळा."

या परीक्षेत एक खोट आहे. कागदाला काळं पडायला उजेडाचा एक उंबरठा ओलांडावा लागतो. लाल दिव्याचा चोरटा उजेड एकट्यानं त्या उंबरठ्याच्या अलीकडेच राहतो. कोरा कागद पांढराच राहतो आणि आपण निर्धास्त होतो. पण एन्लार्जरखाली त्याच कागदावर चित्राचा उजेड पडतो. पटक्यासारख्या पांढऱ्या जागी तो अगदी थोडा, उंबरठ्याशी आणून सोडणारा. त्यात दिव्याचा चोरटा उजेड मिसळला की पांढऱ्याचा राखाडी होतो. कडेला चित्राचा उजेड नसतो, म्हणून कड पांढरी. खरी परीक्षा घ्यायची तर कागदाला आधी एन्लार्जरचा जेमतेम राखाडी येईल एवढा उजेड द्यायचा, आणि मग नाणी ठेवायची. एक मिनिट, दोन, चार, आठ.

मी तशी घेतली, त्याच न्हाणीघरात. चार फुटांवर बल्ब ठेवला तर तीन मिनिटांपर्यंत काही नाही. फुटावर आणला तर अर्ध्या मिनिटात गोल उमटला. (आजचा कागद हिरव्याला जास्त हळवा असतो, तेव्हा काकांच्या कागदाचे आकडे याहून थोडे बरे असणार, हे कबूल.) हिशेब उघड आहे, अंतर निम्मं केलं की उजेड चौपट, पाव केलं की सोळापट. म्हणजे सेफलाइट हे नाव फसवंच. सेफ असा दिवा नसतो. अमुक अंतरावर, अमुक मिनिटांपर्यंत सेफ, एवढंच म्हणता येतं. दिवा निवडायचा म्हणजे वेळच निवडायची.

फक्त एक कळेना. आमच्या न्हाणीघरात बल्बचा होल्डर छताशी आहे, ट्रेपासून चांगला पाच फुटांवर. मग बिघडलं कसं?

भाऊबीजेला काका परभणीहून आले. आता सत्तरी ओलांडली आहे. मी न्हाणीघराला पुन्हा काळा कपडा लावलेला पाहून दारातच थबकले. "काय करायलास रे हे?"

मी जरा चाचरत सगळं सांगितलं. कड दाखवली, सीडी दाखवली, नाण्यांचे गोल दाखवले. खरं तर सांगावं की नाही याच विचारात दोन दिवस होतो. एवढ्या वर्षांनी कुणाला "पेपर नव्हता, तुमचीच चूक होती" असं सांगून काय साधायचं? पण त्यांचं निम्मं आयुष्य त्या "शिळ्या पेपर"मुळे कॅमेऱ्याविना गेलं, हेही खरंच होतं.

त्यांनी बल्ब हातात घेतला. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "छताला नव्हता लावला मी."

"मग?"

"घड्याळ दिसंना. सेकंदाचा काटा काळा, तबकडी मळकी. वायर लांब केली अन् बल्ब खाली ओढला, घड्याळापाशी. ट्रेच्या शेजारीच होतं ते."

दोघंही त्या गजराच्या घड्याळाकडे बघत बसलो. घड्याळ नीट दिसावं म्हणून दिवा जवळ ओढला होता, आणि त्या दिव्यानं फोटो खाल्ले. शे-दीडशे रुपयांचं ठोके देणारं काही असतं, किंवा काकांनी डोळ्यांऐवजी कानांनी मोजलं असतं, तरी आजोबांचा पटका पांढरा राहिला असता.

"रामरक्षा म्हणायची होती की," मी म्हटलं.

"अरे, रात्री दोन वाजता आईला उठवू काय?"

माझी निवड सांगून टाकतो, कुणाला उपयोग झाला तर. फिल्मसाठी चावी पिळायचा स्वयंपाकघरातला टायमर, ज्यात काहीही चमकत नाही. (अंधारात चमकणारी तबकडी उघड्या फिल्मजवळ नकोच. मोबाइल तर खिशातही नको, नेमका तेव्हाच उजळतो.) कागदासाठी सेकंदाला एक ठोका देणारा छोटा मेट्रोनोम. तोही नसेल तर २५ सेंटिमीटर दोरीला दगड बांधून टांगा, एक पूर्ण हेलकावा म्हणजे एक सेकंद. दोरी मोजताना दगडाच्या मध्यापर्यंत मोजायची. दिवा लाल एलईडीचा, छताकडे तोंड करून, म्हणजे परतून येणारा उजेड मऊ पडतो. आणि कागद उघडा ठेवायची मुदत, परीक्षेत निघालेल्या वेळेच्या निम्मी.

जेवणं झाल्यावर रात्री अकराला आम्ही दोघं आत गेलो. आजोबांची निगेटिव्ह काकांनीच एन्लार्जरला लावली. हात थरथरत होता, पण कॅरियर कुठल्या बाजूनं सरकवायचा ते हाताला आठवत होतं. चौदा सेकंद. मेट्रोनोम ठेवलेला असूनही ते तोंडानं मोजत होते. कागद डेव्हलपरमध्ये सोडला, ट्रे हलवायला लागले. आधी डोळे आले, मग मिशा, मग मांडवाचा खांब. पटक्याच्या घड्या हळूहळू उमटल्या, आणि घड्यांमधलं कापड पांढरं राहिलं.

मी चिमटा पुढे केला तर त्यांनी माझा हात धरला.

"थांब जरा. दोन मिनिटं पुरी होऊ दे."